चोरकप्पा

चोरकप्पा म्हणजे पेटी, कपाट, भिंत, जमीन किंवा वाहन यांच्या रचनेत अशा रीतीने सामावलेली साठवणीची जागा, की जिचे अस्तित्व वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. चोरखण, गुप्त कप्पा व दुहेरी तळ हे शब्दही कमीअधिक याच अर्थाने वापरले जातात. आजच्या मराठी वृत्तपत्रांत हा शब्द बहुतेक वेळा पिकअप, टेम्पो किंवा ट्रकच्या हौद्यात दडवलेल्या मालाच्या बातमीत येतो. त्यामुळे चोरकप्पा म्हणजे तस्करी असे समीकरण रूढ झाले आहे. प्रत्यक्षात हत्यारे, कागदपत्रे व रोकड चोरांपासून सुरक्षित ठेवण्यासाठी केलेला कप्पा आणि कायद्यापासून माल लपवण्यासाठी केलेला कप्पा यांची बांधणी पुष्कळदा सारखीच असते. फरक हेतूत व आतल्या मालात असतो.

शब्द

'चोर' हे पूर्वपद मराठीत दोन दिशांनी वापरले जाते. चोरबाजार या शब्दात त्याचा संबंध चोरीशी आहे. चोरदरवाजा, चोरवाट, चोरखिसा, चोरपावले या शब्दांत मात्र ते केवळ 'नजरेआड असलेला' एवढाच अर्थ देते. राजगडाचा चोरदरवाजा किंवा रायगडावरील चोरदिंडी चोरांसाठी नव्हती. संकटकाळी गडावरील माणसांना बाहेर पडता यावे यासाठी ती होती. सदऱ्याच्या आतल्या बाजूस शिवलेला चोरखिसा तर चोराविरुद्धच असतो. चोरकप्पा हा शब्द मुळात या दुसऱ्या गटातला आहे.

नुसता बंदिस्त कप्पा आणि चोरकप्पा यांतही भेद करावा लागतो. पिकअपच्या बाजूला लटकवलेली कुलूपबंद हत्यारपेटी सुरक्षित असते, पण गुप्त नसते. हौद्याच्या तळाखाली सामावलेला, झाकण तळाशी एकसपाट असलेला कप्पा पाहणाऱ्याला दिसत नाही. मात्र मालक तो विचारल्यावर उघडून दाखवतो. शोधणाऱ्यालाही सापडू नये म्हणून केलेली तिसरी जात आहे, आणि कायद्याचा संबंध मुख्यतः तिच्याशी येतो.

घरातील पूर्वरूपे

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत साठवणीच्या लपलेल्या जागा सर्रास असत. दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवून केलेल्या धान्याच्या कोठाराला बळद म्हणतात. त्यात धान्य वरून ओतले जाई आणि खालच्या लहान तोंडातून काढले जाई. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला समोर फक्त जाड भिंत दिसे. जमिनीखालचे पेव हे त्याचेच भाऊबंद. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे या प्रकारात विशेष प्रसिद्ध होती. बळद व पेव यांचा पहिला उद्देश धान्य कोरडे व किडीपासून दूर ठेवणे हा होता. लुटालुटीच्या काळात ती दिसत नसत हा त्यांचा दुसरा, तितकाच मोलाचा गुण ठरला. भिंतीतील फडताळाच्या मागे किंवा देवघराच्या चौरंगाखाली दागिन्यांसाठी केलेला खण मात्र सरळ लपवण्यासाठीच असे.

आग्र्याहून सुटकेच्या (१६६६) प्रचलित कथेतील पेटारे या विषयात वारंवार आणले जातात. ते चोरकप्प्याचे उदाहरण म्हणता येत नाही. त्या कथेतील युक्ती पेटाऱ्याच्या रचनेत नसून, पेटारे रोज ये-जा करतात म्हणून पहारेकऱ्यांनी ते उघडून पाहणे सोडले, या गोष्टीत आहे.

नाशिक आणि १९०९ ची पेटी

महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत परिणामकारक चोरकप्पा नाशिकच्या क्रांतिकारकांशी जोडलेला आहे. नाशिकच्या मित्रमेळ्यातून १९०४ मध्ये अभिनव भारत ही गुप्त संघटना उभी राहिली. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले व तेथे इंडिया हाऊसमध्ये राहू लागले. १९०९ च्या आरंभी त्यांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग स्वयंचलित पिस्तुले व काडतुसे मिळवली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन त्या सुमारास हिंदुस्थानात परतत होता. त्याच्या सामानातील एका पेटीला दुहेरी तळ होता आणि पिस्तुले त्या दोन तळांमधील पोकळीत ठेवलेली होती. पेटी मुंबई बंदरातून निर्वेध बाहेर आली.

ती पोहोचण्याच्या आगेमागेच सावरकरांचे थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव यांना अटक झाली होती. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. वापरलेले पिस्तूल त्या वीसांपैकीच एक होते. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

पेटीचा पुढील प्रवास न्यायालयात झाला. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार बनला आणि पिस्तुले कोणी दिली, कशी आली हे त्याच्या साक्षीतून पुढे आले. नाशिक कटाच्या खटल्यात डिसेंबर १९१० मध्ये विनायक सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली. जानेवारी १९११ मध्ये जॅक्सन यांच्या खुनास साहाय्य केल्याच्या आरोपाखाली दुसरी जन्मठेप झाली. या दुसऱ्या आरोपाचा कणाच पिस्तुलांचा पुरवठा हा होता. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही दुहेरी तळाच्या पेटीचा उल्लेख आहे. बंदरावरील झडतीला न सापडलेला कप्पा अखेर तो वाहून आणणाऱ्या माणसाच्या जबानीने उघड झाला. नंतरच्या काळातील कित्येक वाहनांच्या प्रकरणांतही असेच घडलेले दिसते.

पिकअपचा हौदा

पिकअप हे शिडीसारख्या चौकटीवर, म्हणजे चॅसीवर, बांधलेले हलके मालवाहू वाहन होय. चालकाची केबिन पुढे आणि उघडा हौदा मागे अशी त्याची विभागणी असते. हौद्याच्या बाजूच्या व मागच्या पडणाऱ्या भिंतीला फाळका म्हणतात. भारतीय पिकअपचा तळ सहसा चॅसीच्या बराच वर व चाकांच्याही वर सपाट बसवलेला असतो. अमेरिकी पिकअपमध्ये हौद्याच्या आत चाकांचे उंचवटे आलेले असतात. भारतीय तळ सपाट असल्याने त्यावर क्रेट व गोण्या नीट रचता येतात, आणि तळ व चॅसी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागाही उरते. या जागेत आडव्या पट्ट्या, डिझेलची टाकी, धुराची नळी, मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, ब्रेकच्या नळ्या आणि स्टेपनी असते. मागचे पाटे ओझ्याने दबले की ही पोकळी आणखी आक्रसते.

नाशिक जिल्ह्यात या वाहनाचे महत्त्व मोठे आहे. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, दिंडोरी व निफाड तालुक्यांतील द्राक्षे शेतापासून बाजार समितीपर्यंत मुख्यतः पिकअपमधूनच येतात. महिंद्राचा वाहन कारखानाही सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे. बाजार आवारात लिलावासाठी वाहन तासन्तास उभे असते, चालक रात्री केबिनमध्येच झोपतो, आणि उघड्या हौद्यातील जॅक, पाने, दोर, ताडपत्री यांना पाय फुटायला वेळ लागत नाही. कप्प्याची मागणी प्रथम येथून निर्माण होते.

हौद्यातील कप्प्याची बांधणी

कायदेशीर वापराचे कप्पे साधारण तीन ठिकाणी बसवले जातात. पहिला प्रकार हौद्याच्या तळावर दुसरा तळ उभारून मधल्या उंचीत खण करण्याचा. फाळका पाडल्यावर हे खण मागच्या बाजूने टेबलाच्या खणांसारखे बाहेर ओढता येतात. फिरती दुरुस्ती करणारे वायरमन, नळकाम करणारे व कृषिपंपांचे कारागीर यांना हा प्रकार सोयीचा पडतो. दुसरा प्रकार केबिनच्या पाठीला लागून आडवी पेटी बसवण्याचा. तिसरा, चॅसीच्या बाहेरच्या अंगाला, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या जागेत पेटी टांगण्याचा.

वरून सोपे दिसणारे हे काम चार गोष्टींवर अडते: वजन, पाणी, उष्णता व चॅसी.

वजनाचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. पोलादाची घनता घनमीटरला सुमारे ७,८५० किलो असते. तीन मिलिमीटर जाड पत्र्याचे वजन त्यामुळे चौरस मीटरला साधारण २३.५ किलो भरते. अडीच मीटर लांब व १.७ मीटर रुंद हौद्यावर अशा पत्र्याचा दुसरा तळ टाकल्यास नुसता पत्राच १०० किलोचा होतो. चौकोनी पाइपांची चौकट, रुळ, बिजागऱ्या व कुलपे वेगळी. १.३ टन भारक्षमतेच्या पिकअपमध्ये हे जवळपास आठ टक्के आहे. बाजारात टोमॅटोचे क्रेट २० किलोचे धरले जाते. म्हणजे प्रत्येक फेरीत पाच क्रेट कमी न्यावे लागतात, किंवा तेवढ्याने वाहन ठरलेल्या भाराच्या पुढे जाते. म्हणून तळासाठी पाणी न शोषणारे जाड प्लायवूड आणि केवळ कडांना पोलादी अँगल अशी मिश्र बांधणी पसंत केली जाते. ॲल्युमिनियमचा पत्रा समान जाडीत पोलादाच्या एक तृतीयांशाहून किंचित अधिक वजनाचा असतो, पण महाग पडतो व त्याच्या जोडकामाला निराळे कसब लागते.

दुसरा तळ आणखी एक गोष्ट बदलतो. माल त्या उंचीने वर चढतो आणि वाहनाचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. कसारा किंवा सापुताऱ्याच्या घाटात भरलेल्या पिकअपला वळणावर हा फरक जाणवतो. जड हत्यारे खालच्या कप्प्यात, शक्यतो मागच्या आसाच्या पुढे ठेवणे याच कारणाने इष्ट असते. आसाच्या बरेच मागे पडलेले वजन पुढची चाके हलकी करते व सुकाणू सैल वाटू लागते.

पाण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उघड्या हौद्यात पावसाचे पाणी येते, भाजीपाल्याचा ओलावा येतो, कांद्याची माती येते. कप्प्याच्या झाकणाला रबरी पट्टी लावली तरी पाणी कधी ना कधी आत शिरतेच. म्हणून तळाला निचऱ्याची छिद्रे व कप्प्याला खालच्या बाजूस किंचित उतार आवश्यक असतो. बंद पोकळीत साचलेला दमटपणा पत्र्याला आतून गंजवतो आणि गंज बाहेर दिसेपर्यंत तळ कमकुवत झालेला असतो.

धुराची नळी चालत्या वाहनात अतिशय तापते. तिच्या निकट लाकडी किंवा प्लॅस्टिकचा कप्पा ठेवणे धोक्याचे आहे. तेथे अंतर आणि उष्णतारोधक पत्रा दोन्ही लागतात. रंगाचे डबे, स्पिरिट किंवा गॅसची टाकी हौद्याखालच्या बंद कप्प्यात ठेवू नये, कारण गळती झाल्यास वाफेला बाहेर पडायला जागा राहत नाही. चॅसीला मन मानेल तेथे भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे ही या कामातील सर्वांत वाईट सवय म्हणावी लागेल. चॅसीच्या वरच्या व खालच्या कडांवर ताण सर्वाधिक असतो. तेथे पाडलेल्या भोकापासून तडा सुरू होऊ शकतो, आणि तो भरलेल्या वाहनातच वाढतो. उत्पादकाने आधीच ठेवलेली छिद्रे वापरणे किंवा पट्ट्यांनी आवळून पेटी बसवणे हा सुरक्षित मार्ग आहे.

काही उत्पादकांनी असा कप्पा मूळ रचनेतच दिला आहे. होंडाच्या रिजलाइन या अमेरिकी बाजारातील पिकअपमध्ये पहिल्या आवृत्तीपासून (२००५) हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद खण आहे. त्याच्या तळाला पाणी सोडण्याचे बूच असल्याने तो शीतपेटी म्हणूनही वापरला जातो. रॅम कंपनीने २००९ च्या मॉडेलपासून हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत पेट्या बसवल्या. या दोन्ही रचना माहितीपत्रकात छापलेल्या आहेत, तरीही रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

तस्करीसाठी वापर

नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडील तालुक्यांच्या पलीकडे गुजरात आहे, आणि तेथून जवळच दादरा व नगर हवेली आणि दमण हा केंद्रशासित प्रदेश. एकाच पट्ट्यात तीन निरनिराळ्या कररचना व मद्यधोरणे शेजारी आली आहेत. गुजरातमध्ये राज्यस्थापनेपासून (१९६०) दारूबंदी आहे, महाराष्ट्रात मद्यावर मोठे उत्पादन शुल्क आहे, तर दमण व सिल्वासा येथे मद्य पुष्कळ स्वस्त मिळते. या दरफरकावर अवैध वाहतूक पोसली जाते. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कारवायांत भाजीपाल्याच्या क्रेटखाली, दुहेरी तळाखाली किंवा केबिन व हौदा यांच्यामधील खोट्या भिंतीआड खोके सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात. २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी असलेल्या गुटख्याच्या वाहतुकीतही हेच प्रकार आढळतात.

अशा कप्प्यांचा सर्वांत मोठा फटका कित्येकदा चालकाला बसतो. वाहन एकाचे, माल दुसऱ्याचे आणि चालक रोजंदारीवरचा तिसराच, ही मांडणी या धंद्यात नेहमीची आहे. नाक्यावर वाहन अडवले जाते तेव्हा सुकाणूवर तिसरा असतो.

कप्पा शोधण्याची पद्धत मुख्यतः मोजमापाची आहे. हौद्याची बाहेरची व आतली उंची किंवा लांबी यांत न जुळणारा फरक, रिकाम्या वाहनाचे वजनकाट्यावर भरणारे जादा वजन, ठोकल्यावर येणारा वेगळा आवाज या गोष्टींवरून संशय घेतला जातो. मोठ्या बंदरांत क्ष-किरण यंत्रांनी संपूर्ण वाहन तपासता येते. तरीही बऱ्याच कारवायांची सुरुवात खबऱ्याने दिलेल्या माहितीतून होते.

कायदा

वाहनात गुप्त कप्पा असणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. तीन वेगवेगळ्या बाजूंनी मात्र कायदा त्याला येऊन भिडतो.

पहिली बाजू वाहनातील फेरफाराची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. अनुज्ञेय फेरफार केल्यास तो चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-क अन्वये नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बोल्टने बसवलेली, काढता येणारी हत्यारपेटी आणि वेल्डिंगने कायम केलेला दुसरा तळ यांत म्हणूनच व्यावहारिक फरक पडतो. दुसऱ्याने वाहनाचे रिकामे वजन कायमचे बदलते आणि ते वजन नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. चालकांच्या भाषेत 'पासिंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत असे बदल अडकू शकतात. कप्प्याच्या वजनामुळे वाहन मर्यादेबाहेर गेल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे.

दुसरी बाजू वाहनाच्या जप्तीची. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ११५ नुसार तस्करीच्या मालासाठी वापरलेले वाहन सरकारजमा होऊ शकते. आपल्याला किंवा आपल्या चालकाला याची माहिती नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कलम ११९ तर माल लपवण्यासाठी वापरलेल्या वस्तूंनाच जप्तीस पात्र ठरवते: संत्र्यांखाली सोने दडवले असेल तर संत्रीही जातात. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील कलम ६० चा रोखही असाच आहे. तेथे मालकाने अशा वापराविरुद्ध सर्व वाजवी खबरदारी घेतली होती हेही दाखवावे लागते. मद्याच्या बाबतीत महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो. पकडलेली वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे सडू देऊ नयेत, योग्य हमी घेऊन ती लवकर सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. महामार्गावरील कोणत्याही ठाण्याचे आवार पाहिले तरी या निर्णयाची अंमलबजावणी किती झाली याचा अंदाज येतो.

तिसरी बाजू माणसाच्या माहितीची, आणि चालकाच्या दृष्टीने तीच जीवनमरणाची ठरते. अमली पदार्थांच्या खटल्यात ताबा 'जाणीवपूर्वक' असावा लागतो. मात्र कलम ३५ व ५४ खालील गृहीतकांमुळे ताबा दिसून आल्यावर आपल्याला माहिती नव्हती हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. उघड्या हौद्यातील गोणीबद्दल 'मला माहीत नव्हते' म्हणणे अवघड असते. पत्र्याआड जोडून टाकलेल्या, बाहेरून न दिसणाऱ्या कप्प्याबद्दल तेच म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे, परंतु कप्पा उघडण्याची युक्ती चालकाला ठाऊक होती असे पुराव्यात आले की हा बचाव संपतो. व्यक्तीच्या झडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा कलम ५० मधील हक्क वाहनाच्या झडतीला लागू होत नाही.

इतर देशांत

अमेरिकेतील काही राज्यांनी कप्प्यालाच गुन्ह्याच्या कक्षेत आणले आहे. कॅलिफोर्नियात अमली पदार्थ लपवण्याच्या हेतूने खोटा कप्पा बाळगणे किंवा बांधून देणे हा गुन्हा आहे. ओहायो राज्याने २०१२ मध्ये केलेल्या कायद्यानुसार अमली पदार्थांच्या वाहतुकीच्या हेतूने असा कप्पा बसवणे, किंवा तसा कप्पा असलेले वाहन जाणूनबुजून चालवणे, हा गुन्हा ठरतो; कप्पा रिकामा असला तरीही. कॅलिफोर्नियातील गाड्यांना ध्वनियंत्रणा बसवून देणाऱ्या एका कारागिराला, त्याने बनवलेले कप्पे अमली पदार्थांच्या टोळीने वापरल्यामुळे, कॅन्सस येथील संघीय न्यायालयाने २४ वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा दिली. स्वतः माल न हाताळलेल्या कारागिराची जबाबदारी किती, यावर तेथे मोठी चर्चा झाली. भारतात कप्पा बांधून देणाऱ्या फॅब्रिकेटरसाठी वेगळे कलम नाही. त्याला हेतूची माहिती होती असे सिद्ध झाल्यास अपप्रेरणा किंवा कटाच्या सर्वसाधारण तरतुदींखाली कारवाई होऊ शकते.